संत मार्गारेटची जागा

मित्रांनो, मी एक जुना मखमली झगा आहे. लोक मला शवपेटीवरची चादर म्हणतात, आणि आता मी ते मनावर घेत नाही. पण जन्माने मी झगाच. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका गावच्या चर्चसाठी मला शिवलं. सणावारी पाद्रीबाबांच्या खांद्यावर मी मिरवत असे.

माझ्या तांबड्या अंगावर सोनेरी देठांची फुलं आहेत. ती तागाच्या कापडावर वेगळी भरून, कातरून मग माझ्यावर टाचली. ते नवशिक्यांचं काम. त्यातलीच एक सिबिल, तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या पाकळ्या काही केल्या एकसारख्या येत नसत. मधोमध हात जोडलेली संत मार्गारेट होती. तिचा चेहरा सिबिलच्या आईने, जोनने, केसाहून बारीक रेशमाने भरला. नुसत्या गालांना तिला अख्खा उन्हाळा लागला.

पुढे जोन गेली. सिबिलचेही केस पिकले. मग राजा बदलला, धर्माची रीत बदलली, आणि संतांच्या आकृत्या जाळायचा हुकूम आला. चर्चचा कारभारी अँब्रोज मला घेऊन सिबिलच्या दारात उभा राहिला.

"मावशी, उद्या राजाची माणसं येतायत. मार्गारेट काढून दिलीस तर याची चादर तरी होईल. फुलांवर कुणाचा राग नाही."

"माझी वाकडी फुलं ठेवायची आणि आईचं काम जाळायचं? बरा न्याय आहे रे तुमचा."

"नाहीतर दोन्ही जाईल, मावशी."

ती दुपारभर खिडकीशी बसून एकेक टाका कापत होती आणि रडत होती. मीही रडलो असतो, पण कापडाला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात मार्गारेट जळाली.

तिच्याखालच्या मखमलीला कधी ऊन लागलंच नव्हतं. तिथे तिच्याच आकाराचा गडद तांबडा रंग राहिला.

"तिथे एखादं मोठं फूल टाक ना," अँब्रोज म्हणाला. "डाग दिसतोय."

"दिसू दे. आईच्या जागेवर मी बसायची नाही."

त्यानंतर गावात कुणी गेलं, की मला पेटीवर घालत. एके दिवशी सिबिलच्या पेटीवरही घातलं.

आज मी काचेआड आहे. माणसं फुलांचं कौतुक करतात, तेव्हा मला बरंही वाटतं आणि लाजही वाटते. मित्रांनो, उन्हापासून आणि कसरीपासून मला जपा. पण ती जागा सुंदर फुलाने भरून देतो असं कुणी म्हणालं, तर भरू देऊ नका. माझ्या अंगावरचं सगळ्यात चांगलं काम तिथे होतं.