खाली टेकू न देता

शेषराव कळमनुरीच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी येणार म्हणून जीव खाणाऱ्या माणसांना 'येईल, थांबा' एवढंच सांगायची ती नोकरी, आणि ती त्यांनी इमानेइतबारे केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर स्वतः थांबायची पाळी आली. सलग अकरा तास, आणि तेही ज्या शहराचं नाव त्यांना धड उच्चारता येत नव्हतं त्या शहराच्या विमानतळावर. अमेरिकेहून आलेलं विमान सकाळी सहाला उतरलं होतं आणि मुंबईचं विमान संध्याकाळी पाचला सुटणार होतं. मोठी बॅग परस्पर मुंबईला जाणार होती. मांडीवर फक्त एक कापडी पिशवी होती. पिशवीत पांढऱ्या उपरण्यात बांधलेला डबा होता आणि त्या डब्यात त्यांचा मुलगा योगेश होता.

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतली. बर्फावरून गाडी घसरली, एवढंच शेषरावांना कळलं होतं, आणि त्यापुढचं त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. उन्हाळ्यात जायचं म्हणून योगेशनं बापाचा पासपोर्ट, व्हिसा आधीच करवून घेतला होता. आई धुरपताबाई मात्र विमानात बसायला कधीच तयार झाली नव्हती. त्यामुळे बाप एकटा गेला. जाताना मुंबईपासून सोबतीला ओळखीतला एक माणूस होता. तिकडे योगेशच्या मित्रमंडळींतली पोरं थांबली होती, शेषराव पोहोचल्यावर त्यांच्या हातून सगळं उरकलं. दाहिनीचं एक बटण दाबायचं होतं, ते त्यांनी दाबलं. रडू आलं नाही. ते कुठं अडकून पडलंय याचा त्यांना पत्ता लागत नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते शोधायची त्यांची इच्छाही नव्हती.

त्याच दिवशी गावाहून, म्हणजे डोंगरकड्याहून, शेजारच्या कोंडीबाच्या घरच्या फोनवरून, धुरपताबाई बोलली होती. नवऱ्यानं हॅलो म्हटल्यावर ती म्हणाली, "आधी गावाकडं आणा. मंग गोदावरीला न्या. अन् इथं येईस्तोवर खाली टेकू देऊ नका त्याला. लई हिंडलं माझं लेकरू."

शेषरावांनी 'बरं' म्हटलं होतं. अस्थी घरात आणत नाहीत आणि जमिनीवर टेकवत नाहीत, नदीवर नेईपर्यंत झाडाला टांगून ठेवतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण बायकोला 'बरं' म्हणणं आणि सात समुद्र ओलांडून ते पाळणं यात फरक आहे. तिला लेकाचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं, हातही लावता आला नव्हता. तिनं मागितलं ते एवढंच. हे एवढं तरी आपल्याकडून झालंच पाहिजे, याशिवाय दुसरा विचार शेषरावांच्या डोक्यात चार दिवस शिरला नव्हता.

वाटेत अडचणी आल्या, पण नियंत्रकाच्या सवयीनं त्यांनी एकेकीचा निकाल लावला. तपासणीच्या ठिकाणी पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवावी लागली. पट्टा म्हणजे काही जमीन नव्हे, असं त्यांनी ठरवलं. विमान उडताना मांडीवर काही ठेवायचं नाही म्हणाले, तेव्हा पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात गेली. तो तर झाडापेक्षाही उंच. इथल्या खुर्च्यांवर मात्र पिशवी ठेवायचं त्यांचं मन होईना. माणसं बसून उठलेली जागा ती. म्हणून सकाळपासून ती मांडीवरच होती, आणि दोन्ही हात तिच्यावर.

शर्टाच्या खिशात एक कागद होता. योगेशच्या मित्राची बायको प्रतिक्षा, परभणीची पोरगी, तिनं निघताना तो लिहून दिला होता. काका, तिथे अकरा तास आहेत, घाबरू नका, अशी सुरुवात होती. मग ते अकरा तास कसे काढायचे ते तिनं मोठ्या अक्षरात, घर सारवावं तसं एकही कोपरा न सोडता लिहिलं होतं. उतरल्यावर आधी पाटीवर गेट बघायचं. खिडकीपाशी बसा, विमानं दिसतात, वेळ जातो. पाण्याचा नळ उजव्या हाताला आहे, फुकट आहे. कॉफी कडू लागेल, साखर मागून घ्या. जरा चालत राहा, पाय सुजतात. पिशवी कुणाच्या हातात देऊ नका. आणि सगळ्यात खाली, थोडं तिरपं, लिहिलं होतं: काका, काहीतरी खा.

शेषरावांनी कागदाप्रमाणे सगळं केलं. गेट बघितलं. खिडकीपाशी बसले. विमानं येत होती, जात होती. एरवी त्यांनी कोणती वेळेवर सुटली आणि कोणती रखडली याचा हिशोब मनात मांडला असता, जन्माची खोड होती ती. आज पाटीवरची अक्षरं नुसतीच फिरत राहिली. ते चालले, परत बसले. पेलाभर पाणी प्यायले, कारण प्रतिक्षा फोनवर विचारेल. खाणं काही घशाखाली उतरलं नाही. समोर एका बाईचं लेकरू पिशवीकडे बघून हसलं, तेव्हा शेषरावही सवयीनं हसले आणि आपण हसलो याचं त्यांना काहीच वाटलं नाही. दुःख झालं नाही, लाजही वाटली नाही. आपलं सगळं अंग कुणीतरी सुन्न करून ठेवलंय आणि आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

दुपारी दोनच्या सुमाराला मात्र देहानं आपलं म्हणणं मांडलं. चौसष्टाव्या वर्षी लघवी किती वेळ धरणार? सकाळी विमानात जाऊन आले होते, तेव्हा पिशवी वरच्या कप्प्यात होती. आता ती कुठं ठेवायची? संडासात अस्थी न्यायच्या नाहीत, हे पक्कं. कुणाच्या हातात द्यायची नाही, हेही पक्कं. शेषरावांनी अर्धा तास तसाच काढला. घाम फुटला. मग उठून ते जागा शोधत निघाले.

आणि त्यांना झाड दिसलं. दुकानांच्या रांगेपलीकडे, भल्यामोठ्या कुंडीत, छताकडे गेलेलं चांगलं दीड पुरुष उंचीचं झाड. असल्या ठिकाणची झाडं खोटी असतात असं योगेशच त्यांना एकदा फोनवर म्हणाला होता. म्हणून त्यांनी बुंध्याला नखानं जरासं खरवडलं. आतून हिरवं निघालं. पानांवरून ते वड-पिंपळाच्याच भावकीतलं वाटत होतं. शेषरावांचा जीव भांड्यात पडला.

कळमनुरीच्या स्टँडवर फाटकाजवळ एक कडुनिंब होता. खेड्यापाड्यातून नांदेडला अस्थी घेऊन जाणारी माणसं गाडीची वाट बघताना गाठोडं त्याच्या फांदीला टांगायची आणि खुशाल चहाला जायची. एकतीस वर्षांत त्या गाठोड्याला कुणी हात लावला नाही. पाकीटमारसुद्धा तिकडून वळसा घालून जात. कुणाचं आहे, काय आहे, असं विचारायची रीतच नव्हती. फांदीला पांढरं गाठोडं दिसलं की बघणाऱ्याला सगळं कळायचं.

शेषरावांनी पिशवीचे बंद एका मजबूत फांदीत अडकवले. वर उपरण्याचं टोक ओढून बराबर गाठ मारली. ओढून बघितलं. "आलोच," असं ते हळूच म्हणाले आणि चाळीस पावलांवरच्या मुतारीकडे गेले.

परत यायला दहा मिनिटं लागली असतील, पंधरा लागली असतील. आत हात धुताना नळ कसा सुरू करायचा तेच त्यांना उमगत नव्हतं. बाहेर आले तर झाडाभोवती फीत ओढलेली. माणसं लांब हटवलेली. दोन पोलीस, एक कुत्रं, आणि फरशी पुसणारी एक बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती. फांदी रिकामी होती. पिशवी खाली होती. फरशीवर, उघड्या फरशीवर.

शेषराव फितीखालून सरळ आत गेले. एका पोलिसानं त्यांना छातीवर हात लावून अडवलं. तो काय बोलला ते त्यांना कळलं नाही. सफाईवाली बाई मात्र त्यांच्याकडे बघून उर्दूत बोलली. ती मूळची लाहोरकडची, नाव नसीम, छातीवरच्या पाटीवर लिहिलेलं. शेषराव निजामाच्या राज्यात जन्मलेले, पहिली-दुसरी उर्दूत शिकलेले. बसस्टँडनं ती भाषा पुढं जिवंत ठेवली होती.

"यह आपका है?" नसीमनं विचारलं. "ये लोग पूछ रहे हैं, इसमें क्या है."

"मेरा लडका है," शेषराव म्हणाले.

चार दिवसांत हे त्यांनी तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं. गाडी कुठली आहे असं विचारल्यावर गावाचं नाव सांगावं तसंच त्यांनी ते सांगितलं. नसीमनं दोन्ही हात तोंडावर नेले. मग शेषरावांनीच खिशातून इंग्रजी दाखला काढून दिला. पोलिसानं वाचला, दुसऱ्यानं वाचला. पहिल्यानं टोपी काढली. कुत्र्याला मागे नेलं आणि फीत गुंडाळली.

पिशवी उतरवून खाली ठेवणारी नसीमच होती. तिचं कामच ते, बेवारस वस्तू दिसली की कळवायचं. पण आता तिनंच खाली बसून ती दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि म्हणाली, "आप बैठो, भाईजान. पानी पियो, कुछ खाओ. मैं पकडती हूँ."

प्रतिक्षाचा कागद खिशातच होता. पिशवी कुणाच्या हातात देऊ नका. शेषराव खुर्चीवर बसले. नसीमनं कुठून तरी आणवलेला पाव त्यांनी खाल्ला, पाणी प्यायले. ती बाई तेवढा सगळा वेळ उभी होती. खाऊन झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कितनी देर था नीचे?"

"पाँच मिनट," ती म्हणाली, आणि मग खरं बोलावंसं वाटून म्हणाली, "शायद ज्यादा."

पुढचे दीड-दोन तास शेषरावांनी धुरपताबाईला काय सांगायचं या विचारात घालवले. न सांगितलं तर तिला कळायचा काही मार्ग नव्हता. सांगितलं तर तिच्या हाताशी उरलेलं तेवढंही हिसकावल्यासारखं होणार होतं. 'न्हाई टेकू दिला' म्हणायचं त्यांनी ठरवलं. मुंबईच्या विमानात ठरवलं, नांदेडच्या रेल्वेत पुन्हा ठरवलं. नांदेडला पुतण्या सोनाजी जीप घेऊन आला होता. तो म्हणाला, "काका, द्या मायाकडं, तुमी जरा पडा." शेषरावांनी मान हलवली आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसले. दोन्ही बाजूंना हळदीची रानं काढणीला आली होती.

धुरपताबाई शेताच्या बांधाला, धुऱ्यावरच्या निंबाखाली उभी होती. फांदीला तिनं सकाळीच नवी दोरी बांधून ठेवली होती. बायामाणसं लांब थांबली. शेषराव जीपमधून उतरून तिच्यापुढे गेले. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.

"खाली न्हाई ना टेकू देला?" तिनं विचारलं.

ठरवलेलं वाक्य तोंडात तयार होतं. शेषरावांनी तोंड उघडलं आणि ते आलं नाही.

"एक डाव टेकला," ते म्हणाले. "मधल्या टेसनावर. माझ्याच चुकीनं."

धुरपताबाईनं पिशवी हातात घेतली, उलटून बघितली, आणि पदरानं तिचं बूड हळूहळू पुसलं. पडलेल्या लेकराचे गुडघे पुसावेत तसं, धूळ नसताना पुसत राहिली.

"थकला आसंल," ती म्हणाली. "किती लांबून आला."

तेव्हा कुठं शेषराव धुऱ्यावर खाली बसले आणि रडायला लागले.