बेबीनंदाचा हात

चौऱ्याहत्तर साल होतं. टेंभुर्णीच्या बाजाराला आलेली गोंदणारीण बौद्धवाड्यातल्या लिंबाखाली बसली, तशी केशरबाईनं तीन वर्षांच्या बेबीनंदाला मांडीवर घेतलं. "हनुवटीला एक ठिपका, अन् हातावर चार फुल्या. बस."

नातीच्या गालात गुळाचा खडा होता. तिला कशाचीच खबर नव्हती. तेवढ्यात तिची आई, शाळेत शिकवणारी सत्यशीला, मधल्या सुट्टीत जेवायला आली आणि सुई बघून आडवीच आली.

"न्हाई, आत्याबाई. मोठी झाल्यावर तिला वाटलं, तर तीच गोंदून घेईल."

"सोनं इथंच राह्यतं, माय. मेल्यावर बाईसंगं गोंदणच येतं."

"असल्या गोष्टी तर आपण दीक्षा घेतली तवाच सोडल्या ना?"

"देव सोडले. हात थोडाच सोडला?"

गोंदणारीण फिसकन हसली. केशरबाईला जोर चढला. तिनं नातीची बाही वर सारली. दंडावर देवी टोचल्याचे दोन वण होते. "अन् हे? हे करताना इचारलं व्हतं का पोरीला? बोंबलून वाडा डोक्यावर घेतल्ता तिनं."

सासूनं नेम बराबर साधला होता. त्या दिवशी लेकीचे पाय सत्यशीलानंच धरले होते. नाव आपण दिलं, बोली आपण दिली, तिखटाची चवसुद्धा आपलीच. मग पोरीचं स्वतःचं असं राहिलं काय?

तिनं लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "ती जगावी म्हणून टोचलं. जगून कसं दिसायचं, ते तिचं तिला ठरवू द्या."

केशरबाई आपल्या हातावर गोंदलेल्या हिरवट तुळशीकडे बघत राहिली.

"तुम्हाला कुणी इचारलं असतं, तर काय काढलं असतं?" सत्यशीलाचा आवाज आता मऊ होता.

"मला?" केशरबाईनं तुळशीवरून बोट फिरवलं. गोंदणारीण सुया आवरू लागली. "कुणी इचारलंच न्हाई, तर इचार तरी कशाला करू?... थांब गं बाई. विंचू काढता येतो का तुला?"

"या वयात विंचू? लोक हसतील, आजी."

"हसू दे."

पहिली सुई टोचली, तसा केशरबाईनं सुनेचा पदर मुठीत धरला. पण नजर हातावरून हलली नाही.

"नांगी वर ठेव," ती गोंदणारणीला म्हणाली. "पार वर."