चौदा आणे आंबा

श्रीपती जोगळेकरांना त्या सकाळी आनंद झाला, आणि तिथेच पंचाईत झाली.

हातखंब्याजवळच्या आपल्या बागेत ते कलमाखाली उभे होते. वर बघताक्षणी कळलं, आंबा तयार आहे. बागायतदार चौदा आणे म्हणतात तसा, पूर्ण पिकायला दोनच आणे कमी. आज काढावा, पेंढ्यात भरावा, मुंबईला जाऊन पिकावा. छाती भरून आली. आणि लगेच त्यांनी नजर खाली वळवली, कारण गेल्या साली, दोन हजार तीनच्या मार्चात, अगदी असंच झालं होतं. तेव्हा झोपेची गरज उरली नव्हती आणि थांबवणारा प्रत्येक जण मूर्ख वाटत होता. सगळी बाग त्यांनी कोवळी उतरवली. आंबा पेट्यांत सुरकुतला, आणि पुढचा पावसाळाभर श्रीपती भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव बायपोलर सांगितलं, गोळ्या दिल्या. शेजाऱ्यांनी बाधा म्हटलं, नारळ द्यायला सांगितला.

गोळ्यांनी मन ताळ्यावर आलं खरं, पण त्या मनावरचा विश्वास गेला तो गेलाच. उमगणं आणि आजाराच्या भरात चढणं, दोन्ही आतून सारखीच लागत. आंबा तयार आहे, की मीच पुन्हा चढतोय? गडी आंबे उतरवायचे झेले घेऊन खोळंबले होते. थांबावं तर आंबा झाडावरच पिकून गळणार, घाई करावी तर गेल्या सालचा तमाशा.

शेवटी त्यांनी दोन आंबे उतरवून घरी आणले आणि बादलीत सोडले. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आंबे तळाशी गेले. श्रीपतींनी डोळे चोळले. आंबे बुडालेत, अशी शपथ त्यांनी गेल्या सालीही घेतली होती.

त्यांनी बायकोला हाक मारली. "तूच बघ गो. मला काय दिसतंय ते मी सांगत नाही."

उल्काने पदर खोचला, पाण्यात हात घालून आंबे ढवळले. ते पुन्हा तळाशी बसले.

"बुडालेत," ती म्हणाली. "काढायला सांगा."

श्रीपती मोठ्याने हसले. उल्काची मान झटकन वर झाली. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून फिरली आणि फळीवरच्या गोळ्यांच्या डबीकडे गेली. एकही गोळी चुकली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. आंब्यासाठी बादली होती, ह्या हसण्यासाठी काय होतं?

"उल्का," त्यांनी हळूच विचारलं, "एवढं हसलो तर चालेल ना गो?"

ती पाण्यातला हात तसाच ठेवून बसून राहिली.