सतरा की अठरा

साहेबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक गुडघा टेकला आणि गाडीचं पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत तीन बोटं घातली. मग चार घातली. मग बोटांवरचा विश्वास उडाल्यासारखं खिशातून टेप काढली.

“चौऱ्याहत्तर,” ते तिथूनच म्हणाले. “लिही.”

स्टोअरबाईंनी लिहिलं. टायरच्या दुकानातली ही चौथी खेप आणि वहीतलं हे नववं पान. मागच्या खेपेला हीच फट शहात्तर भरली होती. दोन मिलिमीटर गेले कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते शोधण्यात साहेबांनी आणखी एक शनिवार घालवला असता.

स्टोअरबाई हे नाव इस्पितळातलं. तीस वर्षं त्यांनी तिथलं भांडार सांभाळलं, कापसाच्या गुंडाळ्यांपासून स्ट्रेचरच्या चाकांपर्यंत. निवृत्त झाल्या तेव्हा नाव आणि मोजायची खोड दोन्ही त्यांच्याबरोबर घरी आली. साहेबांनी जन्मभर पूल बांधले होते. तेव्हा या दोघांच्या संसारात ‘अंदाजे’ नावाची गोष्ट कधी उंबऱ्याच्या आत आलीच नव्हती. भांडणंसुद्धा मुद्देसूद व्हायची आणि ठरल्या वेळी संपायची. एक सोडून.

“साहेब, लोक घर घेताना इतकं बघत नाहीत हो,” दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला. गेल्या तीन खेपांत त्याच्या आवाजातलं लोणी पार वितळून गेलं होतं.

“म्हणूनच घरं गळतात,” साहेब म्हणाले आणि उठताना त्यांनी बाईंच्या खुर्चीचा आधार घेतला. “पुन्हा एकदा सांगा. सावकाश.”

“तुमच्या एसयूव्हीला आज अठरा इंची रिम आहे आणि साधे, डांबरी रस्त्याचे टायर. तुम्हाला पाहिजेत ऑल-टेरेन, खडबडीत रस्त्यावर चालणारे. ते अठरामधे पाहिजे असतील तर मागवावे लागतील. दहा दिवस. सतरामधे माझ्याकडे आत्ता आहेत, रिमसकट, चारही. रिम इंचभर लहान, पण टायरची भिंत त्या मानानं जास्त उंच. बाहेरून चाक होतं तेवढंच. दगडावर भिंत दबते, रिम वाचते, पाठ वाचते. कच्च्या रस्त्याला सतराच घ्या. मी काय, कुणीही हेच सांगेल.”

“बाहेरून तेवढंच नाही. दोन मिलिमीटरनं कमी.”

“ते तर माझी दाढी वाढली तरी होतात, साहेब.”

“आणि सोळा?”

“सोळाची रिम ब्रेकला घासते. मागच्या वेळी सांगितलं होतं.”

“मोजून नव्हतं सांगितलं.”

दुकानदारानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर दुकानभर फिरवली आणि रॅकवर रचलेले टायर मोजले. सहा गुणिले नऊ, शिवाय वर दोन आडवे. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर मधेच आपणहून धडधडायला लागला आणि त्या दचकल्या. आज त्या कशालाही दचकत होत्या. सकाळपासून पर्सचा खटका त्यांनी इतक्या वेळा उघडला-लावला होता, की तो आता सैल लागायला लागला होता.

दहा दिवस. साहेब कुठल्याही क्षणी ‘मागवा अठरा’ म्हणणार, हे बाईंना त्यांच्या पाठीवरून कळत होतं. निर्णय टाळण्याचा निर्णय झाला, की साहेबांचे खांदे खाली यायचे. ते आता यायला लागले होते.

एक सोडून म्हटलं, ते भांडण हे. दोन वर्षांपूर्वी लेकीनं साहेबांच्या ऑफिसातलं तिचं टेबल रिकामं केलं. तीही इंजिनिअर, तिच्या हातची रेघ बापापेक्षा सरळ, आणि ही पोरगी निघाली कुठं, तर डोंगरातल्या एका बंद पडलेल्या खाणीत फळझाडांची रोपं करायला. खाणीत! साहेबांनी नकाशा मागवला, रस्ता बघितला आणि जेवणाच्या टेबलावर एकच वाक्य बोलले. ज्याला मी रस्ता म्हणणार नाही, त्यावरून माझी गाडी जाणार नाही. इंजिनिअरचं वाक्य. कुठं फट नाही, गळती नाही. लेक म्हणाली, “बरं, बाबा.” तिचा आवाज चढला असता तर निदान पुढं काही बोलता आलं असतं.

तेव्हापासून दर गुरुवारी बाई लेकीशी फोनवर बोलायच्या आणि साहेब त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करायचे. फोनमधे टीव्हीचा गोंगाट जाऊ नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी ते तसंच मानलं होतं.

मग सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी आपणच त्या वाक्यात एक फट शोधली. “रस्ता बदलता येत नाही,” एका सकाळी ते म्हणाले. “टायर बदलता येतात.” बाईंच्या हातातला चमचा थांबला होता. त्यांनी त्या दिवशी कपाटातून जाड तळव्याचे बूट काढून पुसून ठेवले. ते बूट अजून दाराशी होते. त्यांच्यावरची धूळ आता तिसऱ्यांदा पुसायला आली होती. कारण फट सापडली खरी, पण साहेब तिच्यात शिरायच्या ऐवजी ती मोजत बसले. टायरची नक्षी, टायरचा आवाज, टायरचं वजन. एका प्रश्नाला चार फाटे, प्रत्येक फाट्याला दोन.

आणि या गुरुवारी लेक म्हणाली होती, सोमवारपासून पाइप टाकायला रस्ता खणणार आहेत, चार महिने बंद. यायचं तर त्याआधी. मग उगाच हसून, विषय बदलल्यासारखं: “आई, आमच्या फाटकाच्या अलीकडे एक अरुंद वळण आहे ना, तिथवर येऊन लोक परत फिरतात गं. पुढं काही नाही असं वाटत असेल. अधूनमधून गाडीचा आवाज येतो, थांबतो, आणि उतरत जातो. मी आता तिथं पाटी लावलीय.”

आज शनिवार.

“ऐकतेस का?” साहेब किल्ल्यांचा जुडगा हातात खुळखुळवत म्हणाले. “जाड नक्षीचा टायर डांबरी रस्त्यावर फार घूं घूं करतो म्हणे.”

“तुम्हाला नाहीतरी हवं तेवढंच ऐकू येतं.”

दुकानदार खोकला. साहेबांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि दोनदा दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा निघाले ते वाटेत थांबले.

“सतराची रिम एकदा चढवून दाखवा. ब्रेकपासून किती मोकळी राहते ते डोळ्यानं बघतो. कमी असेल तर अठरा मागवू.”

दुकानदारानं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री साठीचा, गळ्यात दोरीला चष्मा, आणि बोलण्यापेक्षा चाकांशी जास्त ओळख असलेला. त्यानं जॅक लावला, नट सोडवले आणि पुढचं डावं चाक काढून बाईंच्या खुर्चीशेजारी आडवं ठेवलं. साहेबांनी टॉर्च पेटवला आणि टेप घेऊन ब्रेकपाशी डोकं घातलं. आता पंधरा मिनिटं ते बाहेर येणार नव्हते.

मिस्त्री स्टुलावर बसला. सतराची रिम आणायच्या आधी त्यानं एक झिजलेला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि काढलेल्या टायरच्या खाचांमधे अडकलेले खडे एकेक करून उचकटायला लागला.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं.

“सवय, ताई. खडे तसेच ठेवून चाक परत दिलं की हात खाजतात माझे.” त्यानं ग्रीसच्या डब्याचं झाकण पुढं ओढलं आणि खडे त्यात टाकायला लागला. “शिवाय कळतं, गाडी कुठं फिरते ते. लोक सांगतात एक, टायर सांगतो दुसरंच.”

टण्. टण्. टण्.

बाईंनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि सातव्या खड्याला थांबल्या. त्या खाली वाकल्या. खडा काळा होता, पाटीसारखा चपटा, आणि त्याच्या अंगावरून पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक पांढरी रेघ गेलेली.

असे एकेचाळीस खडे त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. लेकीनं गेल्या वर्षी एका डिलिव्हरी व्हॅनमधून लिंबाचं रोप पाठवलं, त्या कुंडीतल्या मातीवर तिनं ते पसरले होते. “आमच्या खाणीचा दगड,” ती म्हणाली होती. “दुसरीकडे कुठं असा मिळत नाही.” बाई रोज सकाळी त्यांच्यावर पाणी घालत. तो दगड त्यांना अंधारातही ओळखता आला असता.

मिस्त्रीनं टायर थोडा फिरवला. झाकणात आणखी दोन पडले.

“आणि हे बघा.” त्यानं टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. “मधली नक्षी शाबूत आहे, पण खांदा पार खरवडलाय. समोरच्या चाकाचंही तसंच दिसतंय. गाडी कुठंतरी अडचणीच्या जागी उभ्या उभ्या वळवतात. स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवायचं, थोडं पुढं, थोडं मागं, पुन्हा पुढं. एकदा-दोनदानं असं होत नाही. खूपदा केलंय.” मग आवाज चढवून, “साहेब, पार्किंग अरुंद आहे का घरी?”

मडगार्डखालची टेप सरकायची थांबली.

“हो,” आतून आवाज आला. “जरा आहे.”

घरच्या पार्किंगमधे दोन गाड्या मावल्या असत्या. सरळ आत, सरळ बाहेर.

बाईंनी पर्सचा खटका लावला. या वेळी तो पुन्हा उघडला नाही. गाडीच्या कप्प्यात साहेबांची नोंदवही असायची; तारीख, किलोमीटर, काम. मागच्या सहा महिन्यांत तिच्यात आठ बुधवार होते आणि आठही बुधवारांसमोर एकच काम: जुन्या पुलाची पाहणी. जाऊन-येऊन एकशे बारा. “त्या पुलाला तुमच्याशिवाय करमत नाही वाटतं,” त्या एकदा म्हणाल्याही होत्या. साहेब म्हणाले होते, “भेगा आहेत. लक्ष ठेवावं लागतं.” प्रत्येक बुधवारी संध्याकाळी ते अंगणात पाइप घेऊन गाडी धूत. वरून, खालून, मडगार्डच्या आतून. पुलांचा माणूस. वजन कुठं पडतं ते सगळं बघायचं, पण टायरच्या खाचेत काय राहतं ते त्यांच्या शिक्षणात नव्हतं.

म्हणजे साध्या टायरवर. आठ वेळा. फाटक दिसायच्या एका वळणाआधीपर्यंत.

मिस्त्रीनं सतराची रिम आणून चढवली, दोन नट आवळले, हातानं गरकन फिरवली. ती कुठंही न घासता फिरत राहिली.

“मोकळी आहे,” दुकानदार म्हणाला. “भरपूर.”

साहेब बाहेर आले. कपाळावर ग्रीसचा पट्टा. त्यांनी रिमकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. मग त्यांची नजर बाईंच्या पायाशी असलेल्या झाकणावर गेली आणि तिथून लगेच रॅकवरच्या टायरांकडे पळाली.

“मला वाटतं,” ते म्हणाले, “घाई नको. अठराच...”

“सतरा,” स्टोअरबाई दुकानदाराला म्हणाल्या. “चारही. आत्ता बसवा.”

“अगं, पण आवाज...”

“होऊ दे. कुणीतरी येतंय हे वरच्यांना लांबून कळेल.”

दुकानदारानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नाही म्हटलं नाही, तेव्हा त्यानं पुढचं काही म्हणायची वाट बघितली नाही. मिस्त्री मागच्या चाकाकडे वळला. साहेब किल्ल्या खुळखुळवत उभे राहिले. एक पाय पुढं, एक मागं, दाराकडे तोंड, पण जात नव्हते.

बाईंनी शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. ते बसले. दोघांच्या मधे जमिनीवर ते झाकण होतं. दोघांपैकी कुणीही खाली बघितलं नाही.

“सोमवारपासून वरचा रस्ता बंद होतोय,” बाई समोरच्या रॅककडे बघत म्हणाल्या. “चार महिने.”

साहेबांच्या हातातल्या किल्ल्या खुळखुळत राहिल्या.

“तिथं शेवटच्या वळणावरून लोक परत फिरतात म्हणे. चुकून येत असतील बिचारे. म्हणून पाटी लावलीय तिनं.”

मागच्या बाजूला नट सुटायचा कर्कश आवाज झाला. चार वेळा झाला, पाचव्यांदा झाला, मग थांबला. साहेबांच्या हातातल्या किल्ल्याही थांबल्या होत्या.

“फार खाली लावलीय,” ते म्हणाले. “चालवणाऱ्याला बाण दिसतच नाही. निदान दीड फूट वर पाहिजे.”

बाईंनी वही उघडली. दहावं पान काढलं, त्यावर ‘दीड फूट’ लिहिलं आणि वही मिटली. मग वाकून झाकणातले खडे ओंजळीत घेतले आणि न मोजता पर्समधे टाकले.

“हातोडी आहे का गाडीत?”

“आहे.” साहेबांनी कपाळ पुसलं; ग्रीस आणखी पसरलं. थोड्या वेळानं, मिस्त्री दुसरं चाक उतरवत असताना, ते म्हणाले, “खिळेही आहेत.”