दर दहा मिनिटांनी नवे चित्र

मित्रांनो, मी एक जुनी, बारा ओळींची स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामे. फोल्डरमधला एक फोटो उचल, पडद्यावर लाव, दहा मिनिटे थांब, पुन्हा दुसरा उचल. एवढेच माझे काम.

नारीन गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एसेनगुल सरांनी एकसष्टाव्या वर्षी, दोन बोटांनी टाइप करत मला घडवले. त्या शेवटच्या साध्या दिवशी ते चहा पीत माझ्यासमोर बसले होते. फोनवर त्यांची मुलगी जिपार होती. ती राजधानीत, बिश्केकला, संगणकाचीच नोकरी करते.

"बाबा, सेटिंगमध्ये एक बटण दाबलं की हे सगळं आपोआप होतं!"

"ते बटण दुसऱ्याचं. ही माझी. आपल्या घोडीचा फोटो मी सात वेळा ठेवलाय, म्हणजे तीच जास्त दिसते."

"ही काय पद्धत झाली?"

"शिक्षकाला शिकवू नकोस!"

दुसऱ्या सकाळी सर उठले नाहीत.

अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला. तिथे लेकीने भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि वडिलांचे गुण गात मोठ्याने रडायचे असते. बिश्केकहून आलेल्या जिपारच्या तोंडून शब्द फुटेना. ती उठून घरात आली. तिच्या मागोमाग सरांची थोरली बहीण, उम्सुनाय आत्या, पांढरे कापड घेऊन आली.

"एकुलती एक लेक, आणि तोंडाला कुलूप! गाव काय म्हणेल? सुतक म्हणून घरातले आरसे झाकले, आणि हे यंत्र खुशाल चित्रं दाखवतंय. बंद कर, नाहीतर मीच वायर उपटते."

मी भ्यायले नाही. माझ्या बारा ओळींत 'थांब' आहे, 'संपव' कुठेच नाही. दहा मिनिटे झाली तशी मी आत्याच्या नाकासमोर पुढचा फोटो लावला.

जिपार मध्ये उभी राहिली. "हात लावू नका, आत्या. बाबांचं काम चालू आहे."

"गेलेल्या माणसाचं कसलं गं काम?"

"हे."

मित्रांनो, कुणी हाताने घडवलेली वस्तू जुनी दिसली म्हणून तिला पुसून टाकू नका. ती काम करते का, ते आधी पाहा. मी करते. अजूनही करते.

जिपार पडद्याकडे तोंड करून बसली. तिच्या आवाजाला सूर नव्हता, पण तो तंबूपर्यंत गेला.

"बाबा, माझ्याशी बोलायला काहीतरी असावं म्हणून तुम्ही हे शिकलात. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मी नुसत्या चुका काढत बसले. छान लिहिलंयत, बाबा. खूप छान लिहिलंयत."