बरोबर म्हणेपर्यंत

नगरपालिकेच्या वीज विभागाची ती प्रमुख. सगळं गाव तिला वीजबाई म्हणे, आणि दिवे गेले की आणखीही बरंच काही म्हणे. आज ती राजधानीला आमदारांच्या समितीपुढे बोलायला निघाली होती. नव्या वीज विधेयकाचं सातवं कलम जसंच्या तसं पुढे गेलं, तर तिच्या नियंत्रण कक्षाला कुलूप लागणार होतं. मग गावातली एखादी तार चालू-बंद करायची म्हटली तरी हुकूम राजधानीच्या नियंत्रण केंद्रातून यायचा.

सोबतीला मामा होते. देवाच्या दारी कीर्तन करणारे. लहानपणी ती त्यांच्या मागे उभी राहून त्यांची ओळ उचलून म्हणायची.

"तक्ते किती घेतलेस?" मामांनी गाडीत विचारलं.

"पिशवीभर."

"अगं, एवढे तक्ते पाहून देवालाही डुलकी लागेल. हे तर आमदार."

"मग काय, गाऊ तिथे?"

"तुझा गळा मी ऐकलाय. तक्तेच बरे."

तिच्या कक्षात एक रीत होती. हुकूम ऐकला की आपला हात आता नेमकं काय करणार, ते आपल्या शब्दांत मोठ्यानं म्हणायचं आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत खटक्याला शिवायचं नाही. या रीतीवर खांबावरच्या माणसांचे जीव टांगलेले असत.

समितीची खोली थंडगार होती. मामा मागच्या बाकावर टेकले. वीजबाईंनी तक्ते उलगडले. एका आमदारांनी फोन काढला, दुसऱ्या बाई खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत बसल्या. अखेर अध्यक्ष म्हणाले, "बाई, साधी गोष्ट आहे. चालू-बंदचा निर्णय यापुढे केंद्र घेईल."

इथे सवयीनं घात केला. हुकमाचा सूर कानावर पडला आणि वीजबाईंचं तोंड आपोआप उघडलं.

"तार तुटून रस्त्यावर पडली आहे. मी खटक्याला हात लावणार नाही. केंद्राला फोन लावणार, ते हो म्हणेपर्यंत थांबणार. बरोबर?"

आणि ती खरोखरच थांबली. गोळीचा कागदही वाजायचा थांबला.

"असं कुठे म्हणालो मी?"

"मग पुन्हा सांगा, साहेब."

"हे पाहा, तिथे तज्ज्ञ बसलेत. तुम्ही कळवायचं, त्यांनी ठरवायचं."

"माझा वायरमन खांबावर आहे आणि तारेत वीज शिरली आहे. मी कळवणार, ते ठरवणार, मग मी बंद करणार. बरोबर?"

"म्हणून टाका की बरोबर," गोळीवाल्या आमदारबाई म्हणाल्या. "विधेयक आपलंच आहे."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण तो शब्द काही त्यांच्या ओठांवर येईना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"धोका दिसला की गावानं बंद करावं," ते सावकाश म्हणाले. "तपासून गावानंच चालू करावं. केंद्राला मागाहून कळवलं तरी चालेल."

"धोका दिसला की मी बंद करणार, तपासून मीच चालू करणार, केंद्राला मागाहून कळवणार. त्यासाठी माझ्या कक्षात माणूस राहणार. बरोबर?"

"बरोबर. आता बसा, बाई, नाहीतर माझ्याकडून आणखी काय काय वदवून घ्याल." कारकुनाची लेखणी आधीच धावत होती.

विजेचे दर ठरवण्याचा हक्क केंद्राला देणारं दुसरं कलम मात्र हललं नाही. असू दे; सगळं एकदम मागू नये, देणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "तक्ते कुठायत?"

"आतच राहिले की."

"राहू देत. ओळ मात्र झकास उचललीस हो."

तिनं कक्षात फोन लावला. पलीकडे पाळीवरचा जुना ऑपरेटर होता. सकाळपासून तो फोनजवळून उठला नसावा.

"आपला कक्ष राहतोय," ती म्हणाली.

पलीकडे त्यानं घसा खाकरला.

"उद्या सकाळी मी नेहमीसारखा पाळीवर येणार, माझ्याच खुर्चीवर बसणार. बरोबर?"

मामांनी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बरोबर," ती म्हणाली.