रोजची एक चूक

आमच्या घरात पाठ असण्याला फार मान. सकाळी लिंगपूजेला मामंजी बसले की वचनामागून वचन तोंडपाठ, पुस्तकाचं काम नाही. त्यामुळं तिसरीतली माझी लेक शिवप्रिया मराठीचा धडा घडाघडा म्हणू लागली, तेव्हा पोरगी हुशार निघाली असंच सगळ्यांना वाटलं. मामंजींनी आमच्या किराणा दुकानातल्या बरणीतून दोन राजगिऱ्याचे लाडू काढून दिले.

तो धडा पाठ कसा झाला ते मला ठाऊक होतं. माझं माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. तामलवाडीत नांदून दहा वर्षं झाली. मराठी बोलण्यात मी कुणाला ऐकत नाही, पण मराठी अक्षरं समोर आली की माझं तोंड बंद. म्हणून मी मोबाईलमधल्या एआयला पानाचा फोटो दाखवायची. ते वाचायचं, पोर ऐकायची, आणि दोनदा ऐकलं की धडा तयार. मी आपली खूश.

मग तिच्या वर्गाच्या श्रीदेवीबाईंनी शाळेत तिच्यापुढं कधी न बघितलेलं पान ठेवलं. एक ओळ आली नाही. वाचनाच्या तासाला बाई तिला पहिलीच्या पोरांत बसवू लागल्या. बाईंचं काही चुकलं नव्हतं, पण पोरीचं रोज सकाळी पोट दुखू लागलं आणि शाळेची वेळ टळली की ते आपोआप थांबायचं. एक दिवस म्हणाली, "अव्वा, मी ढ हाय. मला शाळंत धाडू नको."

मला राग आला की समोर असेल त्याची खैर नसते. त्या दिवशी समोर मोबाईल होता. अस्सल कन्नडमध्ये त्याचा उद्धार केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्येच म्हणालं, तुमचं खरं आहे. मीच वाचत राहिल्यावर तिला वाचायची गरज उरली नाही. आता ती वाचेल, मी ऐकेन. तिच्या दिवसाचं मला सांगत जा, मी रोज चार ओळींची नवी गोष्ट लिहीन.

पहिल्याच गोष्टीत त्यानं आमच्या म्हशीला दोन शिंगं दिली. अक्षराला अक्षर जोडत पोर तिथवर पोचली आणि थबकली.

"दोन शिंगं? एक तर गेल्या साली मोडलंय. ह्याला काय बी ठाव न्हाय, अव्वा."

आणि हसली. किती दिवसांनी हसली. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. मी एआयला सांगितलं, रोज गोष्टीत एक चूक मुद्दाम घाल. तेव्हापासून मामंजी चहात मीठ टाकू लागले, एसटी झाडावर चढू लागली. चूक धरायची तर प्रत्येक शब्द वाचायलाच हवा. कुठं अडली तर एआय शब्द सांगत नसे, पहिलं अक्षर कोणतं एवढंच विचारायचं आणि थांबायचं. एवढा धीर माझ्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता.

मामंजींना मात्र पटेना. "अडखळायलीय की पोर. आधी कसं पाण्यावानी म्हणायची."

"मामंजी, आधी म्हणायची. आता वाचायलीय."

ते मान हलवत दुकानात गेले. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आज कोणती चूक म्हणून स्वतःच ज्वारीच्या पोत्यावर येऊन बसले.

दोन महिन्यांनी बाईंनी मला बोलावलं. माझ्यासमोरच त्यांनी एक नवं पुस्तक पोरीच्या हातात दिलं. गोष्ट होती हरवलेल्या कोकराची. शिवप्रियानं ओळीखाली बोट धरलं. एक शब्द चुकला, ती मागं गेली, नीट केला आणि पुढं निघाली. मी दाराशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. त्या एआयचे, बाईंचे, सगळ्यांचेच उपकार वाटत होते मला.

पान संपलं. "शाबास, पुरे आता," बाई म्हणाल्या. "उद्यापासनं तिसरीतच बसायचं हं."

त्यांनी पुस्तकाला हात घातला. शिवप्रियानं ते सोडलं नाही.

"थांबा की बाई," ती वर न बघताच म्हणाली, "कोकरू सापडतंय का न्हाय, बघू द्या." आणि पान उलटलं.